एक पडदा, दोन वाचणारे

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मावशी माझ्या दुकानात आल्या. दुकान बेळगावातलं, डीटीपीचं. म्हणजे पूर्वी लग्नपत्रिका आणि हँडबिलं, आता लग्नपत्रिका आणि ऑनलाइन अर्ज. पदर भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नातवाचा मोबाइल. नवरा गेल्यावर शेतावर वारसांची नावं लावायची होती. नातवानं मोबाइलवर मराठी निवडून अर्ज अर्धा भरून दिला होता आणि उरलेले चार रकाने कचेरीत विचारून भर म्हणून सांगितलं होतं.

कचेरीतला माणूस भला होता. विजापूरकडचा. मराठी कळतं, तोडकंमोडकं बोलतोही. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी अक्षरंही लागतात, पण 'सामाईक', 'एकत्र कुटुंब', 'हिस्सेदार' असे शब्द वाचून अर्थ लागेना. रकाना नेमका कोणता ते कन्नडमध्ये बघावं म्हणून त्यानं कोपऱ्यातलं भाषेचं बटण दाबलं. पान कन्नडमध्ये उघडलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. आता त्याला वाचता येत होतं, मावशींना नाही. "बोलाय येतंय की मला कन्नड," मावशी मला सांगत होत्या, "वाचाय येत नाही बघ. मग हे वाचायचं कुणी रे?"

तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्यानं कुणी तो अर्ज बनवला, त्यानं मराठीवर अन्याय केला असं म्हणायची सोय नाही. मराठी होती. कन्नड होती. इंग्रजी तर होतीच. तक्रार करायला जागा नाही आणि काम मात्र झालेलं नाही, अशी ती स्थिती.

घोळ आहे तो बनवणाऱ्याच्या डोक्यातल्या चित्रात. त्या चित्रात एक माणूस एकटा बसलेला आहे, हातात स्वतःचा फोन आहे आणि त्याची भाषा एक आहे. पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून हे चित्र खरं वाटत असेल. सीमाभागात सरकारी काम एकट्यानं होतच नाही. ज्याचं काम आहे तो एका बाजूला, ज्याच्या हातात शिक्का आहे तो दुसऱ्या बाजूला, आणि मधे पडदा. तो पडदा दोघांनी एकाच वेळी वाचायचा असतो.

शिवाय आमच्याकडे भाषा 'येते' की 'येत नाही' असा सरळ हिशेब नसतो. माझी आई शेजारच्या अक्कांशी तासभर कन्नडमध्ये बोलायची, बसची पाटी मात्र मला वाचायला लावायची. घरची भाषा कन्नड पण शाळा मराठी झाल्यामुळे हिशेब मराठीत लिहिणारी माणसं शहापूर-वडगावात आहेत. खानापूरच्या पलीकडे घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड असं चालतं. बोलायची एक, वाचायची दुसरी, सही करायची तिसरी. अशा माणसाला 'आपली भाषा निवडा' म्हणून तीन गोल बटणं दाखवली, तर तो बिचारा कुठलं दाबणार?

म्हणून माझं म्हणणं असं की सीमाभागात चालणाऱ्या अर्जांत, ॲपमध्ये, पावत्यांत दोन भाषा एकीआड एक ठेवू नयेत, एकदमच ठेवाव्यात. मूळ कन्नड रकाना आणि त्याच्याच खाली मराठी, किंवा शेजारी. आणि कुणाला कुठली जोडी दाखवायची हे राज्याच्या नावावरून ठरवू नये, त्या माणसाला विचारावं.

हे ऐकलं की आमच्याकडचे दोन्ही बाजूंचे लोक दचकतात, कारण आमच्या भागात भाषेचा विषय निघाला की नजर आधी पाटीकडे जाते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि तेव्हापासून एकाच दिवशी शहरात कर्नाटकाचा राज्योत्सवही असतो आणि मराठी लोकांचा काळा दिवसही. सीमावाद सोडवायला महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी न्यायालयाच्या आदेशावरून काढली तेव्हा काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. अलीकडे, २०२४ च्या दुरुस्तीनं, कर्नाटकात पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. महाराष्ट्रानंही २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्यांवरची मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरवलं. दोन्ही कायद्यांमागचं गणित एकच: फळी एवढीच आहे, मग मोठा तुकडा कुणाचा?

फळीपुरता तो प्रश्न समजू शकतो. पण पडदा म्हणजे फळी नव्हे. तो खाली सरकतो, दुमडतो, एकाला एक दाखवतो आणि दुसऱ्याला दुसरं. त्यावर मराठीची एक ओळ वाढली म्हणून कन्नडची ओळ कमी होत नाही. असं असताना फळीवरचं भांडण जसंच्या तसं उचलून पडद्यावर नेणं म्हणजे विहीर आटली म्हणून नदीकाठी घागरीवरून मारामारी करण्यासारखं आहे.

गंमत अशी की संगणकाच्या नियमांत हे भांडण मुळात नाहीच. तिथं प्रत्येक भाषेला एक खूण असते. 'एमआर-आयएन' म्हणजे भारतातली मराठी, 'केएन-आयएन' म्हणजे भारतातली कन्नड. खुणेत भाषा आहे, देश आहे, राज्य कुठेच नाही. 'राज्य: कर्नाटक, म्हणून भाषा: कन्नड' हे समीकरण नियम करणाऱ्यांनी दिलेलं नाही, अर्ज बनवणाऱ्यांनी मधे घुसडलं आहे. आणि ते फक्त आमच्यावर उलटत नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतला कन्नड बोलणारा माणूस महाराष्ट्राचा अर्ज भरायला बसतो तेव्हा तोही मावशींच्याच जागी असतो. पिनकोड बघून भाषा ठरवणारा अर्ज सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आंधळा. फोनच्या यंत्रणांनी हे केव्हाच ओळखलं आहे. आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइडवर २०२२ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. फोन कन्नडमध्ये, बँक मराठीत असं चालतं. म्हणजे भाषा आता फोनला चिकटलेली राहिली नाही. जिल्ह्याला का चिकटून राहावी?

आता थोडं माझ्या धंद्याचं. नवरा मराठी, नवरी कन्नड, अशी लग्नं आमच्याकडे होतात आणि त्यांच्या पत्रिका माझ्याकडे येतात. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. पहिली अशी पत्रिका केली तेव्हा मी दोन्ही बाजूंना एकच मापाची अक्षरं आणि एकच अंतर दिलं, समान वागणूक म्हणून. छापून आल्यावर नवरीच्या वडिलांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली आणि विचारलं, "आमची बाजू अशी चेपलेली का?" त्यांचं बरोबर होतं. देवनागरी अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. कन्नड अक्षरं जमिनीवर मांडी घालून बसतात. ती गोल, ऐसपैस, आणि जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी लोंबतं. दोघांना एकाच मापात बसवलं की एकाच्या डोक्यावर जागा रिकामी राहते आणि दुसऱ्याचे पाय पलंगाबाहेर जातात. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंची अक्षरं वेगळ्या मापाची घेतो आणि ओळींमधलं अंतर सढळ ठेवतो. तेव्हा कुठे ती डोळ्यांना सारखी दिसतात.

पडद्यावर हे कुणी करत नाही. बटणाची उंची इंग्रजी शब्दावर बेतलेली असते. इंग्रजी अक्षरांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही. त्याच डब्यात मराठी कोंबली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. 'मुलांची संख्या' या रकान्यातला उकार गेला की काय उरतं ते वाचकांनीच बघावं. मी ते खरोखर एका अर्जात पाहिलं आहे. कन्नडचं तर त्याहून वाईट. अक्क, अप्प, अण्ण ही सगळी नाती पायाशी लोंबणाऱ्या अक्षरावर उभी असतात. तळ कापला की नातंच तुटतं. रुंदीचाही प्रश्न आहेच. दहा अक्षरांच्या आतला इंग्रजी मजकूर भाषांतरात दुप्पट-तिप्पट जागा घेऊ शकतो असा आयबीएमचा जुना ठोकताळा आहे, आणि बटणावरचे शब्द नेमके तेवढेच लहान असतात. यावरचा उपाय शोधायला संशोधन नको. बटणाची मापं ठोकून बसवू नयेत, मजकूर वाढेल तसं बटण वाढू द्यावं, आणि नमुना इंग्रजीत करून मग मराठी-कन्नड ओतण्याऐवजी पहिलाच नमुना कन्नड-मराठीत करावा. जास्त जागा मागणारं आधी बसवलं की कमी जागा मागणारं आपोआप बसतं. पत्रिका जुळवणारा कुठलाही माणूस हे सांगेल.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं देवनागरीसाठी 'मंगल' आणि कन्नडसाठी 'तुंगा' हे फॉन्ट होते. दोन्ही एकाच माणसाच्या देखरेखीखाली घडले: र. कृ. जोशी, मराठी कवी आणि अक्षरकार. कर्नाटकातल्या किती कचेऱ्यांत, किती आदेशांत, अगदी आमच्या विरोधातल्याही, ती अक्षरं उमटली असतील. मला या गोष्टीचं फार बरं वाटतं. का ते नीट सांगता येत नाही.

त्याआधीचा काळ मी भोगला आहे. मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी आणि बरह. फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे मुखवटे. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की मुखवटा गळून पडायचा आणि खाली नुसता इंग्रजी कचरा. एकाच पानात मराठी आणि कन्नड ठेवायचं तर जीव मुठीत धरून बसायचं. युनिकोड आला, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि तो ताप गेला. २०१४ मध्ये तर मोडीलाही युनिकोडमध्ये घर मिळालं. अडचण आता अक्षर साठवण्यात राहिलेली नाही. जी आहे ती सवयीत आहे.

सवयीचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे नावं. मावशींचं आडनाव समजा काळे. मराठी अर्जात त्यांनी 'काळे' लिहिलं. यंत्रानं त्याचं इंग्रजी केलं, के-ए-एल-ई. मग त्या इंग्रजीवरून कन्नड केलं. इंग्रजीत ळ नाही, काना आहे की नाही तेही कळत नाही. कन्नड कागदावर उतरलं 'कले', म्हणजे कन्नडमध्ये कला किंवा डाग. माळीचं माली होतं, जाधवचं कधी जादव. पुढे आधारवर एक, उताऱ्यावर दुसरं, पासबुकात तिसरं, आणि मग 'ही तिन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून आणा. माझ्या दुकानाचं निम्मं भाडं या प्रतिज्ञापत्रांवर निघतं, त्यामुळे खरं तर मी तक्रार करू नये.

याला मराठीत द्राविडी प्राणायाम म्हणतात. फक्त इथं द्राविड बिचारा निर्दोष आहे. देवनागरी आणि कन्नड या सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच आजीच्या नाती आहेत, दोघींची वर्णमाला एकाच क्रमानं चालते. क, ख, ग, घ. मधे कुठे अडत नाही. ळ दोघींकडेही आहे. भारतीय लिपींसाठीचं इस्की मानक याच समजुतीवर उभं होतं, आणि युनिकोडनं तीच मांडणी पुढे नेली. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. देवनागरी ळ चा २३५५, कन्नड ळ चा ३२५१. दोन्हीकडे फरक ८९६. म्हणजे देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड अक्षर हाती येतं. इतकी सोपी वाट दारात असताना आम्ही शेजारच्या घरी जायला इंग्रजीचा वळसा घालतो आणि येताना ळ वाटेत सांडून येतो.

सगळंच इतकं सरळ नाही, हे मान्य. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओ सुद्धा दोन. मराठीत एकेकच. मराठीचा 'ऱ्या' कन्नडला कळत नाही, 'दऱ्या' आणि 'दर्या' तिथं एकाच साच्यात पडतात. म्हणून यंत्रानं अक्षरं बदलून द्यावीत आणि मग माणसाला विचारावं: कन्नडमध्ये तुमचं नाव असं लिहू का? एकदा होकार मिळाला की दोन्ही लिप्यांतलं नाव कायमचं साठवावं, दर कचेरीनं नव्यानं अंदाज बांधू नये. नावाचं भाषांतर होत नसतं. नाव माणसाचं असतं आणि त्याचं स्पेलिंग सांगायचा पहिला हक्क त्याचाच.

कळफलकाची गोष्टही अशीच. १९८६ पासून चालत आलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत मराठीचा क जिथे, तिथेच कन्नडचा क. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. माझ्याकडे काम करणारा मुलगा मराठी टायपिंग शिकला आणि आठवड्याभरात कन्नड मारायला लागला, कारण बोटांना नवीन काही शिकायचंच नव्हतं. डोळ्यांना शिकावं लागलं, तेवढंच. किती अर्जांमध्ये हा कळफलक दिलेला असतो? नाव लिहायला गेलं की 'फक्त ए ते झेड' अशी लाल ओळ येते. जन्मसाल देवनागरी आकड्यांत '१९५८' लिहिलं तरी लाल ओळ. आकडे तेच, पण यंत्र म्हणतं चुकीचे.

मराठी म्हणून जे दिलं जातं त्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण 'मराठी आहे' एवढ्यावर आपण फार लवकर खूश होतो. बनवणारा वाक्याचा साचा करतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो: 'तुमचा अमुक स्वीकारला आहे.' अर्ज असेल तर ठीक. तक्रार आली की 'तुमचा तक्रार स्वीकारला आहे'. आपली तीन लिंगं त्या साच्यात मावत नाहीत. गावांचं आणखी गमतीचं. 'अमुकला जाणारी बस' या साच्यात खानापूर बसतं, निपाणी बसते. पण हलगा आला की यंत्र म्हणतं 'हलगाला'. इथलं शेंबडं पोरही 'हलग्याला' म्हणेल. हिंडलगा, हिंडलग्याला. सांबरा, सांबऱ्याला, आणि त्यात तो 'ऱ्या' पुन्हा आलाच. कन्नडलाही विभक्ती आहे, तिथंही असेच साचे फुटतात. उपाय असा की तुकडे जोडून वाक्य बनवू नये, पूर्ण वाक्य भाषांतर करणाऱ्याच्या हाती द्यावं. किंवा विभक्तीची गरजच पडणार नाही असं लिहावं: 'कुठे: हलगा'. एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक आहे.

याद्यांमध्ये ळ कुठे ठेवायचा, यावर मराठी आणि कन्नड दोघींचं एकमत आहे: ह च्या नंतर. यंत्र मात्र क्रमांकानुसार ल च्या मागोमाग ठेवतं. बेळगावात मराठी-कन्नड एकमत झालेली गोष्ट क्वचित सापडते, तीही यंत्राला ऐकू येत नाही.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. मी मराठीत बेळगाव लिहितो आणि लिहीत राहीन. पण शोधण्याच्या चौकटीत कुणी बेळगाव लिहिलं, बेळगावी लिहिलं किंवा म्हाताऱ्या माणसानं बेलगाम लिहिलं, तरी गाव सापडलंच पाहिजे. यंत्रानं नावावरून कुणाची बाजू घेऊ नये, पत्ता शोधून द्यावा.

उलट बाजूचे मुद्दे मला माहीत आहेत. खर्च हा पहिला. एका जिल्ह्यासाठी एवढा खटाटोप? तो जिल्हा २०११ च्या जनगणनेत जवळपास ४८ लाखांचा होता, काही देशांची लोकसंख्या एवढी नसते. आणि मजकूर प्रोग्रॅमच्या पोटात न कोंबता वेगळ्या फाइलीत ठेवला असेल, जसा तो ठेवायचाच असतो, तर एक भाषा वाढवायचा खर्च म्हणजे दोन चांगल्या माणसांचा काही आठवड्यांचा पगार. दोन्ही भाषा मुळापासून येणारी माणसं बेळगावात पैशाला पासरी मिळतील.

दुसरा मुद्दा यंत्रभाषांतराचा. केंद्र सरकारची 'भाषिणी' २०२२ पासून आहे, फोनमध्ये भाषांतर आहे, मग माणसं कशाला? बोलण्या-चालण्यापुरतं ते ठीक आहे, मीही वापरतो. पण अर्जाची भाषांतरं बहुतेक इंग्रजी मूळ धरून होतात, आणि आमच्या कचेऱ्यांतले शब्द इंग्रजीतून आलेले नाहीत. कन्नडमध्ये 'पौती' म्हणजे आपली फौती, मयताची नोंद. उत्तर कर्नाटकातला कन्नड शेतकरीही 'उतारा' म्हणतो, कारण यातला बराचसा मुलूख कधीकाळी मुंबई इलाख्यात होता आणि तलाठ्याची भाषा दोघांनी मिळून वापरली. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पानं दोन हजार सालाच्या सुमारास दोन कोटींच्या आसपास उतारे संगणकावर आणले, हे मोठंच काम. त्या कन्नड कागदावरचे निम्मे शब्द मराठी माणसाला नुसते ऐकले तरी कळतात. अडते ती लिपी. ज्या मराठी अर्जावर मावशी अडल्या, त्यात मात्र 'वारसा नोंदणी' असं होतं. वारसा म्हणजे किल्ले आणि वाडे. मावशींना नोंद हवी होती वारसांची. हा घोळ इंग्रजीवरूनच आला असणार, कन्नडवरून येता तर झाला नसता. म्हणून मूळ कन्नड शब्द देवनागरीत दिला तरी अर्धं काम होईल, आणि भाषांतर बेंगळुरू-पुण्याच्या भाषेत न करता इथल्या तलाठ्याला आणि शेतकऱ्याला विचारून करावं.

तिसरा मुद्दा राजकारणाचा, आणि तो आपल्याच घरातून येतो. कन्नड शेजारी मराठी ठेवा म्हणणं म्हणजे कर्नाटक मान्य करणं, असं मला एका सभेनंतर सुनावलं गेलं. समोरच्या बाजूला याचंच उलटं रूप आहे: मराठीची एक ओळ दिली की उद्या जिल्हा मागतील. दोघांनाही मी एवढंच विचारतो की दावा न्यायालयात असताना मावशींनी शेत कुणाच्या नावावर ठेवायचं? घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण राज्य पुनर्रचनेनंतर ठरलेलं आहे आणि आमचा जिल्हा त्या रेषेच्या वर आहे. हा हक्क कागदाच्या काळातला. आता गाऱ्हाणं मांडायची जागा पडदा झाली, तर हक्कही तिथं पोचायला हवा. तो मागताना सरकारी पत्रकं मराठीत मिळावीत ही मागणी सोडून द्यावी असं मी म्हणत नाही. पण नुसतं मराठी पान मागून थांबलो, तर मावशी पुन्हा त्याच खिडकीशी उभ्या राहतील, आणि खिडकीपलीकडचा माणूस पुन्हा ते बटण दाबेल.

लघुसंदेशांचा एक व्यावहारिक प्रश्न मात्र खरा आहे. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठी किंवा कन्नडमध्ये ७०. दोन्ही भाषा एका संदेशात बसवायच्या तर प्रत्येकीला ३५. तिथं माणसाला एकदा विचारून एकच भाषा पाठवणं योग्य. एकदम दोन्हीचा आग्रह मी धरतो तो जिथे दोन माणसं मिळून वाचतात तिथंच: अर्ज, पावती, उतारा, दवाखान्यातला कागद. उर्दूवाल्यांचं तर आणखीच वेगळं, त्यांची ओळ उजवीकडून येते, आणि इथं फक्त भाषांतर करून भागत नाही, मांडणीच आरशासारखी उलटावी लागते. बेळगावात त्यांची संख्या थोडी नाही, आणि आमच्या मराठी-कन्नड गलक्यात त्यांचं कुणी विचारत नाही.

मावशींचं काम शेवटी मी कागदावर केलं. त्या अर्जाचे सगळे रकाने क्रमानं लिहून काढले, डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, मधे आकडे. दोघांनी आकडा सांगायचा आणि आपापल्या बाजूचं वाचायचं. दुसऱ्या दिवशी त्या तो कागद घेऊन गेल्या आणि अर्ज अर्ध्या तासात भरून झाला. पंधरा दिवसांनी कचेरीतला तो विजापूरकडचा माणूस दुकानात आला, कोऱ्या प्रती मागायला. एक त्यानं टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्या अर्जात दोन रकाने वाढले आणि तिसऱ्याचा क्रम बदलला. काचेखालचा कागद आता जुळत नाही. नवा करायला घेतलाय, पण एका कन्नड शब्दाला इथले लोक मराठीत नक्की काय म्हणतात ते अजून कुणाकडून कळलेलं नाही.